फाळक्याची दुसरी बाजू

मालवाहू गाडीच्या हौद्याला मागच्या टोकाशी जी खाली पाडता येणारी भिंत असते, तिला आमच्या भागात फाळका म्हणतात. आम्ही दोघेही निफाड तालुक्यातले, कांद्याच्या मुलखातले. त्यामुळे हा शब्द आम्हांला कोशात शोधावा लागला नाही. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्या लिलावासाठी रांगेने उभ्या राहत, आणि फाळका सोडण्याची एक ठरलेली रीत असे. एका अंगाची साखळी एकाने काढायची, दुसऱ्या अंगाची दुसऱ्याने. दोघांनी मिळून ती जड फळी तोलून धरायची आणि मग सावकाश खाली सोडायची. एकट्याने घाई केली तर फाळका तिरका होऊन अंगावर येई. म्हणून साखळीला हात घालण्याआधी हाक दिली जाई, ‘धर रे तिकडून!’ ही हाक अमुक एकाला उद्देशून नसे. जवळ जो उभा असेल त्याने धरायचे.

ती हाक आम्हांला पुन्हा आठवली ती अर्ध्या पृथ्वीपलीकडे, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबस शहरात. आज जे लिहीत आहोत ते तिथल्या पिकअप गाड्यांच्या फाळक्याविषयी. साहित्याच्या वाचकांना हा विषय परका वाटेल याची कल्पना आहे. परंतु वर्गात आपण एखाद्या पुस्तकाच्या आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून वाचतो, लेखकाने काय वाढवले, काय गाळले, गाळलेल्याची खूण कुठे उरली हे पाहतो. वस्तूही तशाच वाचता येतात. पिकअपच्या फाळक्याच्या शंभर वर्षांतल्या आवृत्त्या आम्ही अशा वाचू लागलो तेव्हा त्यांतून एक पात्र हळूहळू गाळले गेल्याचे आमच्या ध्यानात आले. ते पात्र कोणते, हे सांगण्याआधी आमच्या शेजाऱ्यांची ओळख करून द्यायला हवी.

1998 च्या ऑगस्टमध्ये आम्ही कोलंबसमध्ये भाड्याच्या घरात उतरलो तेव्हा आमच्याजवळ चार बॅगा होत्या. पलंग, टेबल, पुस्तकांची फडताळे हे सगळे कोणाकोणाच्या अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून हेरून ठेवले होते. विकत घेण्यापुरते पैसे होते. आणायला वाहन नव्हते. शेजारच्या घरातले सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ आमची ही चर्चा कुंपणापलीकडून ऐकत असावेत. भाषा त्यांना कळत नव्हती, अडचण कळली. त्यांनी आपली 1986 सालची निळी पिकअप काढली, पलंगापाशी उलटी नेऊन लावली, मागची मूठ वर ओढली आणि फाळका धाडकन खाली पडला. पलंगाचे एक टोक स्वतः उचलत ते म्हणाले, “तुम्ही पलीकडून धरा.” आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो. त्यांना वाटले, आमचे काही चुकले.

त्यांचे नाव इथे देण्याचे कारण नाही. आम्ही आपसांत त्यांना आबा म्हणत असू. त्यांना स्वतःला हे आम्ही कधी सांगितले नाही.

आबांच्या फाळक्याचे उपयोग आम्ही पुढच्या काही वर्षांत एकेक करून शिकलो. हौद्यात न मावणारी लांब फळी फाळका उघडा ठेवून नेता येते. अशा वेळी बाहेर आलेल्या टोकाला लाल फडके बांधायचे असते. फाळका पाडला की हौद्याची लांबी दीडदोन फुटांनी वाढते. तो कंबरेच्या उंचीला येतो म्हणून त्यावर लाकूड कापता येते, सायकल उलटी ठेवून दुरुस्त करता येते, कलिंगड चिरता येते. संध्याकाळी घराच्या वाटेवर गाडी उभी असली की आबा आणि त्यांची पत्नी फाळक्यावर पाय सोडून बसत. अमेरिकन उपनगरात ओटा नावाची वस्तू नसते. घराला पुढे हिरवळ असते, आणि हिरवळीवर कोणी बसत नाही. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलण्याची आबांची जागा म्हणजे तो फाळका. आम्हीही पुढे तिथे बसू लागलो.

शरद ऋतूतल्या शनिवारी त्यांनी आम्हांला ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याला नेले. सामन्याची तिकिटे नव्हतीच. स्टेडियमच्या आसपासच्या मोकळ्या जागांत सकाळपासून शेकडो गाड्या पाठमोऱ्या उभ्या होत्या, फाळके पाडलेले होते, त्यांवर पाव, मांस, कोबीची कोशिंबीर मांडली होती, शेजारी कोळशाच्या शेगड्या पेटल्या होत्या, आणि अनोळखी माणसे एकमेकांच्या फाळक्यावरून खात हिंडत होती. या प्रकारालाच तिथे ‘टेलगेटिंग’ म्हणतात. सामना सुरू झाला तेव्हा आमच्या आसपासचे निम्मे लोक जागचे हललेसुद्धा नाहीत.

त्याच ऋतूत आमचा गणपती येई. मराठी मंडळींनी शाळेचे सभागृह भाड्याने घ्यायचे आणि एकाच्या तळघरात वर्षभर झाकून ठेवलेले मखर तिथे न्यायचे, असा रिवाज होता. तिसऱ्या वर्षी मखर एवढे वाढले की ते कोणाच्याही मोटारीत मावेना, तेव्हा आबांची गाडी मागितली. त्या वर्षापासून मूर्तीही त्याच गाडीतून येऊ लागली. सभागृहाच्या दाराशी फाळका पाडून त्यावर सतरंजी अंथरली जाई, मूर्ती हौद्यातून पुढे सरकवून फाळक्यावर आणली जाई, आणि आत नेण्याआधी तिथेच ओवाळले जाई. उंची चौरंगाला शोभेशी होती. आबा त्या वेळी डोक्यावरची टोपी काढून फाळक्याची एक बाजू धरून उभे राहत. फाळक्याला धरण्याची काहीच गरज नसे. तो दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर पक्का उभा असे. पण ते धरत.

आता त्या आवृत्त्यांकडे वळू.

पिकअप येण्याच्या पुष्कळ आधी अमेरिकन घोडागाड्यांना फाळके होतेच. 1866 मध्ये टेक्सासमधल्या चार्ल्स गुडनाइट या गुरांच्या मालकाने सैन्यातून निघालेली एक भक्कम गाडी घेऊन तिच्या मागच्या टोकाला खणांचे कपाट बसवले. कपाटाचे झाकण बिजागरीवर खाली पडे आणि पायावर टेकून टेबल बने. शेकडो मैल गुरे हाकत नेणाऱ्या माणसांसाठी त्या पडद्या फळीवर कणीक मळली जाई. स्टेडियमबाहेरच्या शनिवारच्या पंगतीची पूर्वपीठिका इथवर नेता येते. न्यू ऑर्लीन्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी वाद्यवृंद घोडागाडीत बसून जाहिरातीसाठी शहरभर वाजवत फिरत, तेव्हा ट्रॉम्बोनवाल्याला सर्वांत मागे, फाळक्यापाशी बसवत. कारण त्याच्या वाद्याची नळी लांब पुढे-मागे सरकते आणि आत बसला तर ती इतरांना लागते. फाळक्याबाहेर नळी मोकळी सोडून वाजवण्याच्या त्या लांब घसरत्या शैलीला ‘टेलगेट’ हेच नाव मिळाले. किड ओरी हा तिचा सर्वांत प्रसिद्ध वादक. एकाच शब्दातून पंगत निघाली आणि संगीताची शैलीही निघाली. पुढल्या गाडीच्या अगदी शेपटाला चिकटून मोटार हाकण्याच्या वाईट सवयीलाही इंग्रजीत तोच शब्द आहे. आपल्या फाळक्याला असा गोतावळा लाभला नाही; मात्र आपल्याकडे तो लिहिण्याची पाटी झाला. अमेरिकन फाळक्यावर कारखानदाराचे नाव ठळक उठावात असते, आपल्या ट्रकच्या फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’. महाराष्ट्रात 2015 मध्ये परिवहन आयुक्तांनी हे लिहिण्यास मनाई केली, तरी त्या अक्षरांची सवय डोळ्यांतून जात नाही.

कारखान्यातून तयार होऊन आलेली फोर्डची पहिली पिकअप 1925 सालची. मॉडेल टी या मोटारीला मागे पोलादी हौदा बसवलेली ती गाडी 281 डॉलरला मिळे, आणि तिच्या हौद्याला पाडता येणारा फाळका होता. त्या काळच्या आणि नंतरच्या कितीतरी वर्षांच्या फाळक्यांची रचना लासलगावच्या ट्रॉलीहून फारशी निराळी नव्हती: खाली बिजागऱ्या, दोन अंगांना दोन साखळ्या, साखळीच्या टोकाला आकडे. चालत्या गाडीत साखळ्या खणखणत म्हणून त्यांना रबर किंवा कातडे गुंडाळले जाई. म्हणजे ज्या काळात शेतकरी, सुतार, दूधवाले ही गाडी वापरत होते, त्या काळात फाळक्याला दोन बाजू होत्या आणि प्रत्येक बाजूला एकेक हात हवा होता. एकटा माणूस तो उघडू शकत नव्हता असे नाही; एक आकडा काढून, फाळका मांडीवर तोलून, दुसरीकडे हात लांबवून तो उघडी. पण ती कसरत होती, आणि कसरत करण्यापेक्षा हाक मारणे सोपे होते.

1950 च्या दशकात पिकअप देखणी होऊ लागली. 1955 मध्ये शेव्हरोलेने कॅमिओ कॅरियर काढली, 1957 मध्ये फोर्डने स्टाइलसाइड. हौद्याच्या बाहेर फुगलेली चाकांची आवरणे आत गेली, बाजू मोटारीसारख्या सपाट झाल्या, आणि त्या सपाट पाठीला लोंबत्या साखळ्या शोभेनाशा झाल्या. त्यांच्या जागी हळूहळू घडी होणाऱ्या पट्ट्या आल्या. फाळक्याच्या मधोमध एकच मूठ आली. मूठ ओढली की फाळक्याच्या पोटातल्या दोन दांड्या दोन अंगांच्या खिट्ट्या एकाच वेळी मागे खेचतात. यंत्राच्या दृष्टीने ही साधी युक्ती आहे. पण वाचनाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की दोन माणसांचे काम एका मुठीत आले. पलीकडच्या बाजूला उभा असलेला माणूस या आवृत्तीत पहिल्यांदा गाळला गेला.

मधेच काही वेगळे प्रयोगही झाले. 1961 च्या कॉर्व्हेअर रॅम्पसाइडमध्ये हौद्याच्या कडेची भिंतच खाली पडून उतार तयार होई, माल ढकलत वर नेता येई. चार वर्षांत ती गाडी बंद झाली. 1966 मध्ये फोर्डने आपल्या स्टेशन वॅगनला खालीही पडणारा आणि दरवाजासारखा कडेलाही उघडणारा फाळका दिला. तो गुण पिकअपमध्ये यायला जवळजवळ चाळीस वर्षे गेली. 2005 मध्ये होंडाने रिजलाइन आणली तेव्हा हौद्याच्या तळाखाली सामानाचा बंद खण ठेवला. पडलेल्या फाळक्यावरून वाकून त्या खणात हात पोचत नव्हता, म्हणून फाळका कडेला उघडणारा केला. गरज आधी, रूप मागून.

एकविसाव्या शतकातल्या आवृत्त्या मात्र भराभर निघाल्या. आधी फाळका सावकाश खाली उतरवणारा दट्ट्या आला, म्हणजे तोलून धरणारा हात गेला. वर उचलताना जोर देणारी पिळाची सळई बिजागरीत आली, म्हणजे लावताना लागणारा दुसरा खांदा गेला. 2008 च्या सुमारास फोर्डने फाळक्याच्या आतून बाहेर निघणारी पायरी आणि धरायला उभा दांडा दिला, म्हणजे वर चढताना हात देणारा गेला. शेव्हरोलेच्या दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत या पायरीची चांगलीच टर उडवली गेली. पुरुषाला पिकअपवर चढायला पायरी लागावी काय, असा एकूण सूर होता. आणि 2018 मध्ये त्याच जनरल मोटर्सने जीएमसीच्या गाडीवर फाळक्याच्या आत दुसरा छोटा फाळका असलेली रचना आणली. तिच्या सहा तऱ्हा होतात, आणि त्यांतली एक म्हणजे रुंद पायरी. त्याच सुमारास किल्लीवरचे बटण दाबून वर-खाली होणारा फाळकाही आला. 2019 मध्ये रॅमने मधे चिरलेला, दोन पाखांच्या दारासारखा उघडणारा फाळका दिला. 2024 च्या एफ-150 मध्ये फाळक्यातच कडेला उघडणारे दार आले. अमेरिकेत मे 2018 पासून नव्या मोटारींना मागचे दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला. पिकअपमध्ये तो बहुधा फाळक्याच्या मुठीपाशी असतो. त्यामुळे मागे उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या, बस्स’ म्हणणारा माणूसही गेला.

साखळी धरणारा, तोल सावरणारा, हात देणारा, मागे उभा राहून सांगणारा: हा दुसरा माणूस हेच ते गाळलेले पात्र. फाळक्याचा विकास म्हणजे दुसऱ्या माणसाची गरज संपवत नेण्याचा इतिहास आहे, असे आम्ही एकदा मोठ्या आवेशाने एका बैठकीत मांडले होते. मंडळींना ते आवडले. टीका करायला हा विषय सोयीचाही आहे. कारण या काळात पिकअपचे हौदे सतत उंच होत गेले, म्हणजे कारखान्यांनी आधी चढण वाढवली आणि मग पायरी विकली, असे म्हणता येते आणि ते खोटेही नाही. पण त्या बैठकीत आम्ही एक गोष्ट सांगितली नव्हती. ती आता सांगतो.

2009 मध्ये आबांच्या पत्नी वारल्या. त्यांचे शिवणयंत्र होते, लाकडी कपाटात बसवलेले, पोलादी अंगाचे. चर्चच्या विक्रीला ते द्यावे असे आबांच्या मनात दोन वर्षे घोळत होते. 2011 च्या ऑक्टोबरात एका मंगळवारी संध्याकाळी त्यांनी कुंपणापाशी येऊन विचारले, “यंत्र गाडीत चढवायला थोडा हात लावाल का?” आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमातल्या नाटकाची तालीम होती, आम्ही गाडीत बसतच होतो. आम्ही म्हणालो, “शनिवारी नक्की.” ते म्हणाले, “काही घाई नाही.”

नंतर एकदा आम्ही दोघांनी बसून हिशेब केला होता. तेरा वर्षांत त्यांची गाडी आम्ही, आमच्या मित्रांनी आणि गणपतीने मिळून तीसहून अधिक वेळा मागितली होती. त्यांनी आमच्याकडे काही मागितले ते तेवढे एकदाच.

गुरुवारी त्यांनी ते एकट्याने केले. फळ्यांचा उतार लावून यंत्र वर ढकलले, आणि ते चढलेही. हौद्यात चढून त्यांनी दोरी बांधली. उतरताना फाळक्याच्या कडेवर बसून पाय खाली सोडायचा, हे त्यांनी आयुष्यात हजारो वेळा केले असेल. पण वय ऐंशी होते आणि पाय जमिनीला लागण्याआधी हात सुटला. खुब्याचे हाड मोडले. टपालवाला येईपर्यंत पाऊण तास ते गाडीमागे पडून होते. आमचे घर तिथून वीस पावलांवर, आणि आम्ही दोघेही त्या वेळी कॉलेजात शिकवत होतो.

इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा काय बोलावे ते सुचेना. त्यांनीच सुरुवात केली, “तुम्ही शनिवारी येणार होतात, मी गुरुवारी केले. चूक वाराची आहे.” त्यांनी पुन्हा कधी हा विषय काढला नाही. ते घरी आले, चालायला चौपाई काठी आली, गाडीचा परवाना त्यांनी आपण होऊन सोडला. गाडी घराच्या वाटेवर उभी असे. गणपतीच्या वेळी किल्ली ते आमच्या हातात देत आणि खुर्चीत बसून पाहत. फाळक्यावर मात्र ते त्यानंतर बसले नाहीत. तेवढे वर चढणे त्यांना जमत नव्हते, आणि आम्ही उचलून बसवतो म्हणालो तर ते हसून मान हलवत. उचलून बसवले जाणे आणि बसणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

आम्ही पुढे मांडलेला ‘दुसऱ्या माणसाचा’ सिद्धान्त या पार्श्वभूमीवर वाचून पाहावा. दुसरा माणूस यंत्राने घालवला, असे आम्ही म्हणत होतो. आबांच्या बाबतीत तो यंत्राने घालवलेला नव्हता. त्यांच्या जुन्या फाळक्याला ना पायरी होती ना दांडा. तिथे दुसऱ्या माणसाची जागा शाबूत होती, त्या जागेवर माणसाला बोलावणेही गेले होते. माणूस तालमीला गेला होता. पायरी आधी आली आणि म्हणून हात देणारा गेला, की हात देणारा येत नाही हे पुष्कळांना कळून चुकल्यावर पायरी आली? कारखान्यातले अभियंते हा प्रश्न आमच्याइतक्या गंभीरपणे विचारत नसतील, पण उत्तर त्यांनाच जास्त ठाऊक असावे.

2019 च्या वसंतात आबांची मुलगी आपली नवी गाडी घेऊन भेटायला आली. ती एकटी राहते, घोडे पाळते, गवताचे भारे स्वतः चढवते. तिच्या गाडीला तो सहा तऱ्हांचा फाळका होता. तिने वडिलांना तो एकेक तऱ्हा करून दाखवला. आम्ही कुंपणापाशी उभे होतो. शेवटी आतली झडप खाली पाडून तिने पायरी केली. आबांनी चौपाई काठी बाजूला ठेवली. मुलगी पुढे झाली, तर त्यांनी तिला हाताने थांबवले. एका हाताने दांडा धरून त्यांनी पायरीवर पाय ठेवला, दुसरा ठेवला, सावकाश वळले आणि फाळक्यावर बसले. साडेसात वर्षांनी. पाय सोडून, दोन्ही तळवे बाजूला टेकून, जसे ते आणि त्यांची पत्नी बसत असत तसे. बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “पाहिलेत? कोणाला हाक मारावी लागली नाही.”

या वाक्यात अभिमान होता की तक्रार, हे आम्ही आजवर ठरवू शकलेलो नाही. साहित्य शिकवण्यात आमची उभी हयात गेली; एका वाक्यातून दोन अर्थ काढून दाखवणे हा आमचा व्यवसाय. पण इथे दोन्ही अर्थ आमच्याच दिशेने येतात, आणि कोणता घेतला तरी सुटका होत नाही. एवढे मात्र कळते की त्या यंत्राने त्यांना जे परत दिले ते आम्हांला देता आले नव्हते, आणि त्याची टर उडवण्याचा अधिकार आम्हांला नाही. एकट्या बाईला गवत चढवता येते, मोडल्या खुब्याच्या माणसाला आपल्या बळावर फाळक्यावर बसता येते, ही लहान गोष्ट नव्हे. परावलंबनाचे गोडवे गाणाऱ्याने आपण कधी, कोणाच्या हाकेला, किती दिवसांनी गेलो होतो याचा हिशेब आधी मांडावा.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी आबा गेले. जुनी निळी गाडी आम्ही त्यांच्या मुलीकडून विकत घेतली. ओहायोच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्याने तिचा तळ बराच खाल्ला आहे. फाळक्याची खालची कडही गंजली आहे. तिला पाहून एका मित्राने सल्ला दिला, फाळका उघडा ठेवून चालवा, वारा अडत नाही, पेट्रोल वाचते. ही समजूत इथे सर्वत्र आहे आणि ती चुकीची असल्याचे चाचण्यांतून दिसलेले आहे. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा कोंडून राहतो आणि वरचा वारा त्याच्यावरून घसरून जातो; उघडा असला की तो भोवरा मोडतो आणि ओढ वाढते. चालताना फाळका बंद हवा, थांबल्यावर उघडा.

आता आमचीही साठी उलटली आहे. हौद्यात चढायला आम्ही एक लाकडी खोके ठेवले आहे. ती आमची पायरी. आबांच्या घरात नवे भाडेकरू आले, तेही गेले, दुसरे आले. मराठी मुलेमुली शिकायला येतात, त्यांच्या गाद्या, टेबले, फडताळे अजूनही कोणाच्या तरी अंगणातूनच येतात, आणि फोन आमच्याकडे येतो. आम्ही स्वतःला एकच नियम घालून घेतला आहे: विचारणाऱ्याला वार सांगायचा नाही. त्याच दिवशी जमत असेल तर जायचे, आणि बहुतेक वेळा जमते. ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारीही, तालमीला अर्धा तास उशिरा गेलो असतो तर जमले असते.

गेल्या महिन्यात श्रीरामपूरकडची एक मुलगी पलंग न्यायला आली होती. आबांच्या जुन्या फाळक्याची मधली मूठ आता नीट ओढली जात नाही. आतली एक दांडी गंजून अडकते, म्हणून दोन बाजूंच्या खिट्ट्या हाताने सोडवाव्या लागतात. दुरुस्त करून घेता येईल, महागही नाही. आम्ही अजून केलेली नाही. आमच्यातल्या एकाने एका अंगाची खिट्टी सोडवली, दुसरे पलंगाची दोरी सोडण्यात गुंतले होते. हाक देण्याआधीच ती मुलगी पलीकडे गेली होती आणि तिने फाळका धरला होता.